पाहुण्याची खाट आणि वाडीवरची झोळी

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. या विमानतळाचा परिणाम कर्जत-खालापूरच्या जमिनींच्या भावावर मात्र विमान उडण्याच्या कितीतरी वर्षे आधीच झाला होता. या दोन तालुक्यांत आधी फार्म हाऊस आले, मग सेकंड होमच्या स्कीमा आल्या, रिसॉर्ट आले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले. आता जमिनीच्या दलालांच्या आणि पुढाऱ्यांच्या तोंडी एक नवा शब्द आहे : आरोग्य पर्यटन. समुद्रकाठच्या अलिबागला जे स्वप्न दाखवले जायचे, ते आता सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन पोहोचले आहे. परदेशातला किंवा मुंबईतला श्रीमंत रुग्ण विमानाने येईल, शस्त्रक्रिया करून घेईल, डोंगराच्या कुशीत महिनाभर विश्रांती घेईल आणि डॉलर ठेवून जाईल, असे हे स्वप्न आहे.

हे स्वप्न अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. कर्जत मध्य रेल्वेच्या लोकलवर आहे. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात २०१६ साली मंजूर झालेला आहे. २००२ साली पूर्ण खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूरच्या छातीवरून जातो. विमानतळ जवळ आला. पावसाळ्यातली हिरवाई, हिवाळ्यातली हवा, उल्हास आणि पाताळगंगेचे खोरे हे सगळे आहेच. पाश्चात्य देशांच्या मानाने आपल्याकडे शस्त्रक्रियेचा खर्च कमी आणि डॉक्टरांचे कौशल्य मोठे, हेही खरे आहे. तेव्हा क्षमता आहे का, हा प्रश्न नाही. ही क्षमता कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या पाण्यावर आणि कोणाच्या श्रमावर उभी राहणार, आणि तिथल्या खाटेवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न आहे. चळवळीच्या माणसाने हा प्रश्न पायाभरणीच्या दगडाला हार पडण्याआधी विचारला पाहिजे. नंतर विचारून उपयोग नसतो.

सरकारने या धंद्याची वाट फार पूर्वीच मोकळी करून दिली आहे. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रुग्णांना पैसे घेऊन सेवा देण्यास प्रोत्साहन देण्याचे ठरवले आणि अशा सेवेला निर्यातीसारख्या सवलती मिळाव्यात असे म्हटले. कापूस निर्यात होतो, आंबा निर्यात होतो, तशी रुग्णसेवाही निर्यात होते असे सरकारने मानले. २००५ मध्ये परदेशी रुग्णांसाठी खास वैद्यकीय व्हिसा आला. २०२३ मध्ये आयुर्वेद, योग वगैरे उपचारांसाठी आयुष व्हिसा आला. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'हील इन इंडिया'चा पुकारा झाला आणि व्हिसाचे नियम आणखी सोपे करण्याचे आश्वासन मिळाले. म्हणजे ढाक्याच्या किंवा मस्कतच्या रुग्णाने मुंबईला कसे यावे याची चिंता दिल्लीने दोन दशके वाहिली. डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या बाळंतिणीने कर्जतच्या दवाखान्यात कसे यावे, याची चिंता एवढ्या तत्परतेने कोणी वाहिलेली नाही.

आपल्या भागाला आरोग्य पर्यटन नवीन आहे असेही नाही. माथेरान म्हणजे दुसरे काय होते? १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला आणि मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेल्या साहेबांना हवा बदलायला जागा सापडली. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून नेरळ-माथेरान छोटी रेल्वे सुरू झाली. हवापालटाला येणाऱ्यांची सोय झाली. पण डोंगरावर मोटारीला बंदी. मग या पाहुण्यांना वर फिरवायचे कोणी? माणसाने. आधी खांद्यावरून, मग हातरिक्षातून. लाल मातीच्या चढउतारावर धापा टाकत ओढणारा देह गरिबाचा आणि आत बसलेला देह प्रकृती सुधारायला आलेल्या श्रीमंताचा. एकाच्या फुप्फुसाला ताजी हवा मिळावी म्हणून दुसऱ्याचे फुप्फुस झिजत राहिले. डोंगराच्या उतारावरच्या आदिवासी वाड्यांतील माणसे रोज पायी वर चढून मजुरी करीत राहिली आणि अंधार पडायच्या आत पायीच खाली उतरत राहिली.

हे थांबवायला प्रजासत्ताकाची पंचाहत्तर वर्षे जावी लागली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा संविधानाने दिलेल्या प्रतिष्ठेच्या आश्वासनाशी विसंगत आहे, असे न्यायालयाने बजावले. केवळ बंदी घालून न्यायालय थांबले नाही. खऱ्या हातरिक्षाचालकांना ई-रिक्षा मिळावी, गरजेप्रमाणे उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिला व इतर स्थानिकांना उपजीविकेसाठी द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब राज्याने सांगू नये, असेही सांगितले. कायद्याच्या अभ्यासकाला या निकालात एक सूत्र सापडते. पर्यटन चालू राहू द्या, पण त्याचा पहिला लाभ ज्याच्या घामावर ते चालते त्याला मिळाला पाहिजे. आरोग्य पर्यटनाच्या प्रत्येक नव्या प्रस्तावाला हीच फूटपट्टी लावली पाहिजे.

आता आजची स्थिती पाहू. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, नेरळ, कळंब, खांडस अशी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. तिथे काम करणाऱ्या डॉक्टर, नर्स आणि आशा सेविकांना दोष देण्याचे कारण नाही. पण अवघड रुग्ण आला की त्याला पुढे पाठवायचे, हीच रीत झाली आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे पेण-वडखळ ओलांडून पार समुद्रकाठी. २०२१-२२ पासून सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच. दुसरा रस्ता मुंबईचा. मोटार अपघाताच्या दाव्यांची कागदपत्रे चाळणाऱ्या कोणत्याही वकिलाला विचारा, 'पुढील उपचारासाठी रवाना' हे शब्द त्याला पाठ असतात. या तीन शब्दांत किती जीव वाटेतच संपले, याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये वेगळ्या रकान्यात होत नाही.

हे झाले रस्त्यापर्यंत पोहोचलेल्यांचे. रस्त्यापर्यंत जो पोहोचतच नाही त्याचे काय? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. चौक गाव खाली, द्रुतगती मार्ग डोळ्यांना दिसेल इतका जवळ, आणि तरीही वाडीवर जायला वाहनाचा रस्ता नव्हता. मदत पथकांना भर पावसात चिखलातून पायी चढावे लागले, मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. एका रात्रीत दरड कोसळली म्हणून ही वाडी देशाला कळली. पण त्याआधीच्या प्रत्येक पावसाळ्यात तिथल्या तापाच्या रुग्णाला, सर्पदंश झालेल्या पोराला, अडलेल्या बाईला याच पायवाटेने खाली आणावे लागत होते. अशा कितीतरी वाड्या रायगडच्या डोंगरांत आजही आहेत. तिथली रुग्णवाहिका म्हणजे बांबूला बांधलेली चादर आणि चौघांचे खांदे. तिलाच आपण झोळी म्हणतो. कातकरी समाजाला तर सरकारनेच महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक म्हणून नोंदवले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात त्यांच्यासाठी फिरत्या दवाखान्यांची तरतूद आहे. पण वीटभट्टीवर अर्धे वर्ष स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला फिरता दवाखाना गाठणार कुठे, याचे नियोजन झाल्याशिवाय ती तरतूद वाडीपर्यंत पोहोचत नाही.

घाटाची कथा वेगळी नाही. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात जुन्या महामार्गावर एक बस दरीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. आदल्या दिवशी पुणे भागात भीमजयंतीच्या कार्यक्रमात ढोल-ताशा वाजवून मुंबईतील गोरेगावला परतणारी ती तरुण पोरे होती. आपल्या जयंतीला वाजलेला तो ढोल होता, हे आपण विसरता कामा नये. दरीत उतरून जखमींना वर काढणाऱ्यांत खोपोली परिसरातले स्वयंसेवक नेहमीप्रमाणे पुढे होते. माणुसकी या भागात भरपूर आहे. पण गंभीर जखमीला अखेर पनवेलच्या दिशेनेच न्यावे लागते. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचाराची योजना लागू केली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. योजना चांगल्या आहेत. पण विनारोकड उपचार करणारे सुसज्ज रुग्णालयच जवळ नसेल, तर अपघातानंतरच्या पहिल्या तासात त्या कागदाने रक्त थांबवायचे कसे?

म्हणून आरोग्य पर्यटनाचे समर्थक म्हणतात, मोठी रुग्णालये येऊ द्या, म्हणजे स्थानिकांचीही सोय होईल. हा युक्तिवाद आपण नीट तपासला पाहिजे, कारण तो वरवर पटण्यासारखा आहे. दिल्लीचे उदाहरण घ्या. इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयाला सरकारने सुमारे १५ एकर जमीन नाममात्र एक रुपया भाड्याने दिली. अट अशी होती की एक-तृतीयांश खाटा गरिबांसाठी मोफत राहतील. जगभरातून रुग्ण आले, नाव झाले. पण गरिबांच्या खाटांसाठी मात्र उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली आणि २००९ साली न्यायालयाने मोफत खाटांची अट पाळण्याचा आदेश दिला. यातून दोन गोष्टी शिकायच्या. मोठे रुग्णालय आले की गरिबाची सोय आपोआप होत नाही, ही पहिली. आणि अट लेखी होती म्हणूनच न्यायालयात लढता आले, ही दुसरी. तोंडी आश्वासनावर कोणते न्यायालय हुकूम देणार?

दुसरा धडा याहून कडू आहे. आरोग्य पर्यटनात कधीकधी गरिबाचा देहच कच्चा माल होतो. गुजरातमधील आणंद हे गाव एकेकाळी जगभर ओळखले जात होते ते दूध सहकाराबरोबरच भाडोत्री गर्भाशयांसाठी. परदेशी जोडपी येत, गरीब बाया नऊ महिने त्यांचे मूल वाढवत आणि रिकाम्या हाताने नाही तरी रिकाम्या कुशीने घरी जात. २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांना मनाई झाली आणि २०२१ च्या सरोगसी कायद्याने हा व्यापारच बंद केला. मूत्रपिंडांच्या बाजाराबद्दल तर १९९४ सालीच मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा करावा लागला. अवयव घेणारा परदेशी आणि देणारा भारतीय असेल, आणि ते जवळचे नातेवाईक नसतील, तर प्राधिकार समितीने परवानगी देऊ नये, अशी स्पष्ट तरतूद २०११ च्या दुरुस्तीने आली. कायद्याला अशी मनाई करावी लागते, याचाच अर्थ तसे घडण्याचा धोका होता. वीटभट्टीच्या उचलीत अडकलेला माणूस शेजारी राहतो अशा तालुक्यात हा धोका आपण डोळ्यांत तेल घालून पाहिला पाहिजे.

तिसरी गोष्ट शुद्ध व्यवहाराची. परदेशी रुग्णाच्या भरवशावर उभा केलेला दवाखाना वाळूवर उभा असतो. २०१९ मध्ये उपचारासाठी भारतात आलेल्या परदेशी पर्यटकांची संख्या सुमारे ७ लाख होती. २०२० मध्ये कोरोना आला आणि ती सुमारे १ लाख ८३ हजारांवर घसरली. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तापालट झाला, भारताने व्हिसा आखडते घेतले आणि कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांत बांगलादेशी रुग्णांच्या खाटा ओस पडल्या. ढाक्यात गोळीबार झाला की कोलकात्यातल्या वॉर्डबॉयची नोकरी धोक्यात येते, असा हा धंदा. स्थानिक रुग्ण मात्र साथीतही असतो, सत्तापालटातही असतो. ज्या रुग्णालयाला चौक, खोपोली, कशेळे, नेरळच्या लोकांची सवय आहे ते टिकते. तेव्हा स्थानिकांसाठी खाटा राखणे म्हणजे गुंतवणूकदारावर उपकाराचे ओझे, असे कोणी समजू नये.

आरोग्य हा धर्मादाय विषय नाही, हक्काचा आहे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले की, प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. याच काळात, मार्च १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्याच पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगाराच्या पगारातून ईएसआयची जी कपात होते, तिच्या मुळाशी हा इतिहास आहे. वर्गणी भरली म्हणून उपचार मिळतो, मालकाच्या दयेवर नव्हे. पण कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपुस्तकातच नसेल तर हा हक्क त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. उद्याच्या वेलनेस सेंटरमध्ये चादरी धुणारी, संडास साफ करणारी, बाग राखणारी माणसे याच दोन तालुक्यांची असणार. ती हजेरीपुस्तकावर असतील का, हे आजच विचारायला हवे.

कोणी विचारेल, मग कर्जतला बाहेरच्या रुग्णाने येऊच नये का? जरूर यावे. नव्हे, येतच आहेत. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र २००६ पासून चालू आहे. या दांपत्याने १९८८ मध्ये मुंबईत हे काम सुरू केले. रस्त्यावर भटकणारे, कचऱ्यातले खाणारे, नावगाव विसरलेले मनोरुग्ण इथे आणले जातात. उपचाराने आठवण परत येते, गावाचे नाव आठवते आणि संस्थेचे कार्यकर्ते त्यांना बिहारमध्ये, बंगालमध्ये, तमिळनाडूत त्यांच्या घरी नेऊन पोहोचवतात. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसे अशी घरी परतली होती. देशाच्या कानाकोपऱ्यातला रुग्ण कर्जतला येतो आणि बरा होऊन जातो, याला आरोग्य पर्यटन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? फरक एवढाच की इथे येणाऱ्याच्या खिशात पासपोर्ट नसतो, पैसा नसतो आणि कित्येकदा त्याला स्वतःचे नावही सांगता येत नाही. अशा निराधार मनोरुग्णाला संरक्षण देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० सांगते. कर्जतचे हवापाणी, शांतता, मोकळी जमीन यांचा उपयोग माणसाला बरे करण्यासाठी कसा होऊ शकतो, हे या केंद्राने दाखवून दिले आहे. हे काम सरकारच्या जाहिरातीत नाही, पण कर्जतच्या क्षमतेचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

तेव्हा नुसता विरोध करून घरी बसण्यात अर्थ नाही. कायद्याने आपल्या हातात काय दिले आहे ते पाहू आणि ते वापरू.

पहिले, जमीन. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची ३६ आणि ३६ अ ही कलमे सांगतात. विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांबरोबर शासनाचीही मान्यता लागते. शिवाय माथेरानच्या भोवतीचा प्रदेश २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून इथल्या आदिवासीला पेसा कायद्याचे कवच नाही. हे लक्षात ठेवून ग्रामसभेला जा, ठराव लिहून घ्या आणि सातबाऱ्यावर नजर ठेवा. शासनाची जमीन, करमाफी किंवा जादा बांधकामाची सवलत कोणत्याही रुग्णालयाला मिळणार असेल, तर मोफत खाटांची अट करारातच लिहिली गेली पाहिजे, आणि अट मोडली तर जमीन परत, हेही त्यातच आले पाहिजे.

दुसरे, खाटा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचा तिला आधार आहे. २०२५ मध्ये पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवती महिलेकडे आगाऊ रक्कम मागितल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा कुठे अनेकांना ही योजना कळली. आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक वाडीच्या समाजमंदिरात ती मराठीत लिहून लावली पाहिजे. तसेच २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाला रुग्ण हक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावावे लागतात. फलक दिसत नसेल तर तक्रार करा.

तिसरे, तातडीचा उपचार. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात तर एका शेतमजुराला न्याय मिळाला. १९९२ मध्ये तो रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. न्यायालयाने २५ हजार रुपये भरपाई दिली आणि म्हटले की वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी : कर्जत-खालापुरात आरोग्य पर्यटनाची पहिली वीट रचण्याआधी घाटासाठी पूर्ण वेळ चालणारे अपघात उपचार केंद्र, आणि प्रत्येक वाडीला रुग्णवाहिका जाईल असा रस्ता.

चौथे, पाणी आणि कचरा. टाटांच्या खोपोली वीजगृहातून सुटणारे पाणी पाताळगंगेला मिळते, उद्योगांची तहान त्यावर भागते, आणि वरच्या वाड्यांतल्या बाया मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन झऱ्याकाठी बसतात. उपचार केंद्रांच्या तरणतलावांना पाणी कुठून येणार, आणि जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे कुठे जाणार, याचे उत्तर परवानगीच्या कागदावर असले पाहिजे.

पाचवे, नोकऱ्या. आपल्या मुलींनी तिथे फक्त झाडू मारायचा काय? नर्सिंगचे प्रशिक्षण, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शस्त्रक्रिया विभागातील सहायक ही कामे शिकवणारी संस्था आधी, रुग्णालय नंतर, असा आग्रह धरला पाहिजे. दहावी-बारावी झालेली कातकरी, ठाकर, बौद्ध मुलगी पांढऱ्या गणवेशात त्या वॉर्डात उभी राहिली, तर वाडीवरचा रुग्ण आत यायला घाबरणार नाही. वाडीची भाषा बोलणारी एक नर्स दहा सूचनाफलकांचे काम करते.

बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. १५ एप्रिलची ती बस त्याच परिसरात कोसळली. लोककथा अशी की, इंग्रजांना घाट चढायची वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. आजही घाटातून जाणारी माणसे त्याच्या देवळासमोर नाणे टाकतात. वाट त्याची, वाहतूक दुसऱ्यांची आणि त्याच्या वाट्याला नाणे, हा हिशोब या डोंगरात फार जुना आहे. आरोग्य पर्यटनाच्या नावाने तोच पुन्हा मांडला जाऊ नये. विमानाने येणाऱ्या पाहुण्याला खुशाल खाट द्या. पण वाडीवरून झोळी खाली येईल तेव्हा तिच्यातल्या रुग्णासाठीही तिथे एक खाट रिकामी असली पाहिजे, आणि ती त्याच्या हक्काची आहे हे करारात लिहिलेले असले पाहिजे.